जोडा

ट्रायबनाच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा
इयन अजून मोजत होता : तंबू दोन, स्टोव्ह एक,
कांदे नऊ. बेटावर दुकान नाही,
विसरलात तर विसरलात.
मर्लने विचारलं, आणि कॉफी?
इयनने समुद्राकडे पाहिलं.

म्हणून पहिलं भांडण कॉफीवरून.
बरं झालं. दुसरं एक होतं आमच्यात,
अकरा वर्षांचं, घडी घालून तळाशी ठेवलेलं.
त्याला दिवसभर कुणाचा हात लागला नाही.

मारिया बेट. कैद्यांनी भाजलेल्या विटा,
एका विटेत अंगठा उमटलेला, कुणाचा कोण जाणे.
ओढ्याकाठच्या गवतात वॉम्बॅट,
भूक लागलेल्या उशांसारखे.
त्यांची लीद चौकोनी पडते.
साठीला आलेली चार माणसं
गुडघे टेकून ती बघतात,
आणि इयन म्हणतो, देवालाही कधीतरी
फासे टाकून बघावेसे वाटले असतील.

लीथने इथेच पेट्या उतरवल्या होत्या.
आत डेव्हिल. नावाने सैतान,
अंगाने लहानशा कुत्र्याएवढे,
काळे, भीतीने जांभया देणारे.
पलीकडे, मोठ्या बेटावर, त्यांच्या तोंडांना गाठी येत होत्या,
एकमेकांना चावता चावता पसरणारा कॅन्सर.
इथे मध्ये पाणी होतं. इथे ते जगले.
जगले, म्हणजे खाऊ लागले.

आणि मर्ल याच किनाऱ्यावर पेंग्विन मोजायची.
छोटे, निळसर, अंधार पडला की
बाजार उरकून उशीर झालेल्या बायांसारखे
लगबगीने वर चढणारे.
तिच्या वहीत दर साली आकडा उतरत गेला.
शेवटच्या पानावर तिने आकडा लिहिला नाही,
नुसती तारीख.

दोघं एकमेकांकडे जेवायला जातात.
लीथच्या नातवाचे स्वेटर मर्ल विणते.
बोलणं सगळ्याचं होतं,
एवढं सोडून.

रात्री ती उठली. मी मागोमाग,
बॅटरीला लाल रुमाल बांधून.
खडकावर बसली. म्हणाली,
ऐकू आलं तर सांग.
काय, ते म्हणाली नाही.
लाटा आल्या. लाटाच आल्या.
बिळांच्या तोंडाशी गवत माजलं होतं,
बंद घराच्या उंबऱ्यावर माजतं तसं.

तेवढ्यात तंबूकडून आरडाओरडा.
चांदण्यात लीथ धावतोय, एका पायात नुसता मोजा,
पुढे काहीतरी काळं, छातीवर पांढरा पट्टा,
झुलत झुलत पळणारं,
तोंडात लीथचा डावा बूट.
मध्येच थांबून मागे बघायचं,
येतोयस ना, असं.
मग नेच्यात शिरलं ते शिरलंच.

मर्ल हसायला लागली. आधी नाकातून,
मग पोट धरून, मग
ते हसणं कुठे वळलं
मला अंधारात दिसलं नाही.

लीथ येऊन शेजारी बसला, मोजा ओलाचिंब.
कितीतरी वेळाने म्हणाला,
"मला माहीत होतं, मर्ल. दार उघडताना
मला माहीत होतं."
"मी असते तरी उघडलं असतं," ती म्हणाली.
"मग?"
"मग काय. तरी तुझ्यावरच रागावले असते."

मी रुमालाची गाठ सोडत बसले,
सुटलेलीच होती तरी.
मागे कुठेतरी वॉम्बॅट गवत तोडत होता,
कर्र, कर्र,
जगात दुसरं काही कामच नसल्यासारखा.

सकाळी नेचा तुडवून झाला, ओढा पालथा घातला.
बूट नाही. इयनने आपली रबरी चप्पल दिली,
कांदे मोजले : तीन.
मर्लने वही काढली. कोरं पान.
डेव्हिल, एक, असं लिहिलं.
पेन्सिल थोडा वेळ तशीच धरून बसली.
त्याखाली : डावा बूट, एक.

बोटवाल्याने लीथच्या पायांकडे पाहिलं.
"जोडा हरवला?"
"अर्धाच," मर्ल म्हणाली.
"तुमच्याकडे कॉफी आहे का?"